कोळशाचं गणित

१८३० च्या मार्च महिन्यात मुंबई बंदरातून वाफेवर चालणारं एक जहाज सुएझकडे निघालं. ‘ह्यू लिंडसे’ हे त्याचं नाव. भार ४११ टन, इंजिनं दोन, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची. जहाज मुंबईच्याच गोदीत, नौरोजी जमशेटजी वाडिया यांच्या हाताखाली बांधलं गेलं होतं. विलायतेचं टपाल आफ्रिकेला वळसा घालून यायला महिनोन्महिने लागत. ते तांबड्या समुद्रातून नेता येतं का, हे एकदाचं करून दाखवायचं असा मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचा आग्रह होता.

अडचण एकच होती. जहाजात साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची सोय होती, आणि पहिला मुक्काम एडन तर सुमारे १,६४० मैलांवर. कमांडर जॉन विल्सनने जिथे जागा दिसेल तिथे कोळसा भरला. आधी कोठारं भरली, मग केबिनी, मग डेक. जहाज पाण्यात इतकं दबलं की बाजूची चाकं गरजेपेक्षा खोल बुडून जड फिरू लागली. उतारूंना जागा राहिली नाही. एक कर्नल तेवढा सोबत आला. अकराव्या दिवशी एडन लागलं तेव्हा कोळसा उरला होता जेमतेम सहा तासांचा.

एडनला पुढचा कोळसा आधीच येऊन पडला होता. तो आणला होता शिडाच्या जहाजांनी. सुएझपर्यंतच्या प्रवासाला एकूण ३३ दिवस लागले. त्यातले सुमारे २१ दिवस जहाज चालत होतं, बाकीचे गेले वाटेत थांबून कोळसा चढवण्यात. वाफेनं वाऱ्यावर मात केली खरी, पण वाफेचं खाद्य पोचवायला वाराच लागत होता.

आगबोटींचा इतिहास सांगताना आपण बहुधा इंजिनाची गोष्ट सांगतो. मला ती अपुरी वाटते. १८३० पर्यंत इंजिन चांगलंच चालत होतं. नद्यांवर, खाड्यांत, इंग्लिश खाडीच्या अल्याडपल्याड आगबोटी रोज धावत होत्या. अडलं होतं ते पुढच्याच पायरीवर. मधे एकही थांबा नसलेला महासागर ओलांडायचा तर लागेल तेवढा कोळसा जहाजात मावायला हवा, आणि तो मावत नव्हता. ज्या शोधानं ही कोंडी फुटली, त्यात नवं यंत्र नव्हतं. होती ती एक भूमिती, आणि तिच्यावर भरवसा ठेवून पैसे आणि जीव पणाला लावणारी चार माणसं.

त्याआधीचे प्रयत्न आठवावेत असेच आहेत. १८१९ मध्ये ‘सव्हाना’ हे अमेरिकी जहाज इंजिन बसवून लिव्हरपूलला गेलं. त्याच्या बाजूची चाकं घडी घालून डेकवर काढून ठेवता येत. आयर्लंडजवळ त्याचा धूर पाहून जहाजाला आग लागली असं समजून एक सरकारी बोट मदतीला त्याच्यामागे धावली. पण एकोणतीस दिवसांच्या त्या प्रवासात इंजिन चाललं ते सगळं मिळून ऐंशी तासांच्या आसपास. बाकी सगळी मजल शिडांची. त्या काळी न्यूयॉर्क आणि लिव्हरपूलमधली भरवशाची सेवा शिडाच्या जहाजांचीच होती. ब्लॅक बॉल लाइनची जहाजं १८१८ पासून ठरल्या तारखेला, भरलेली असोत वा रिकामी, बंदर सोडत. निघण्याचा दिवस माणसानं ठरवला होता. पोचण्याचा दिवस वारा ठरवी. युरोपहून अमेरिकेकडे जाताना वारा बहुतेक तोंडावरचा, त्यामुळे महिना-सव्वा महिना लागणं नेहमीचंच.

आता हे इंजिन कोळसा एवढा खात का होतं, ते पाहू. त्या काळच्या बॉयलरमधली वाफ फार कमी दाबाची असे, दर चौरस इंचाला पाचेक पौंड. एवढ्या दाबानं मोठा दट्ट्या काय हलणार? खरं काम होई ते वाफ थंड करून. सिलिंडरमधली वाफ बाजूच्या पात्रात ओढून तिच्यावर समुद्राच्या गार पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी होऊन तिथे पोकळी तयार होते, आणि ती पोकळी दट्ट्याला ओढून घेते. युक्ती झकास होती, पण खर्चिक. फवाऱ्याचं खारं पाणी वाफेच्या पाण्यात मिसळे आणि तेच पुन्हा बॉयलरमध्ये जाई. पाणी उकळून वाफ होऊन निघून जाई, मीठ आत राही. तासागणिक मीठ वाढत जाऊन बॉयलरच्या पत्र्यावर त्याचा कडक थर बसे. तो थर उष्णता अडवी, आणि दुर्लक्ष झालं तर पत्राच जळून जाई. म्हणून ठरावीक वेळानं कॉक उघडून उकळतं खारं पाणी समुद्रात सोडून द्यायचं आणि पुन्हा गार पाणी भरायचं. म्हणजे कोळसा जाळून तापवलेलं पाणी समुद्रात ओतायचं. हा कॉक लक्षात ठेवा. पुढे त्यानं एक माणूस नेला.

१८३६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेची सभा ब्रिस्टल शहरात भरली. तिथे डॉ. डायोनिसियस लार्डनर बोलायला उभा राहिला. विज्ञान सोपं करून सांगणारा म्हणून त्याचं मोठं नाव होतं. त्यानं सरळ हिशेब मांडला. समजा १,६०० टनांचं जहाज आणि ४०० अश्वशक्तीची इंजिनं. न्यूयॉर्कपर्यंत १,३४८ टन कोळसा लागणार. त्यात यंत्रं वगैरेंचे ४०० टन मिळवा. झाले १,७४८ टन. जहाजाच्या भारापेक्षा जास्त! आगबोटीची एका दमातली मजल फार तर २,०८० मैलांची, त्यापुढे जायचं तर मधे कुठेतरी कोळशाचा थांबा हवाच, असं त्याचं म्हणणं.

लार्डनरची नंतर बरीच टिंगल झाली. मला ती अन्यायाची वाटते. त्याची आकडेमोड तोवर समुद्रात चालत असलेल्या लहान आगबोटींच्या अनुभवावर बेतलेली होती, आणि ‘ह्यू लिंडसे’चा प्रवास पाहिला तर तो अनुभव खोटा नव्हता. चूक होती ती न बोललेल्या एका गृहीतकात. जहाज मोठं केलं की इंजिन त्याच प्रमाणात मोठं लागेल, कोळसाही त्याच प्रमाणात वाढेल, हे त्यानं धरूनच चालवलं होतं. मग जहाज कितीही मोठं करा, फायदा शून्य.

तो बोलत होता त्याच शहरात, नदीकाठच्या एका गोदीत, या गृहीतकाला उत्तर देणाऱ्या जहाजाचा लाकडी कणा त्या उन्हाळ्यातच टाकून झाला होता.

त्याची सुरुवात मागच्या वर्षीची. १८३५ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागातल्या एका हॉटेलात ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या संचालकांची बैठक चालू होती. लंडन ते ब्रिस्टल हा त्यांचा लोहमार्ग अजून व्हायचाच होता. एका संचालकाला त्याची लांबीच धडकी भरवत होती. कंपनीचा मुख्य अभियंता इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल तेव्हा २९ वर्षांचा. तो म्हणाला, मग तो आणखी लांब का करू नये? ब्रिस्टलहून न्यूयॉर्कला आगबोट सोडू आणि तिचं नाव ठेवू ‘ग्रेट वेस्टर्न’. बैठकीत हशा पिकला. टॉमस गप्पी नावाचा संचालक मात्र हसला नाही. त्यानं त्याच रात्री ब्रुनेलला गाठलं आणि दोघं उशिरापर्यंत बोलत बसले.

ब्रुनेलच्या म्हणण्याचं सार असं. पत्र्याचा एक चौकोनी डबा घ्या. त्याची लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट करा. डब्यात मावणारं धान्य आठपट होतं, पण डब्याला लागणारा पत्रा चौपटच. जहाजाचंही तसंच. जहाज किती कोळसा वाहील हे त्याच्या पोटातल्या जागेवर ठरतं. पुढे जाताना पाणी त्याला किती अडवील हे मात्र साधारणपणे पाण्याला भिडणाऱ्या पृष्ठभागावर ठरतं. दोन्ही एकाच वेगानं वाढत नाहीत. जहाज सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर कोळशाला जागा आठपट, आणि तोच वेग राखायला लागणारी ताकद चौपटीच्या आसपास. म्हणजे पुरेसं मोठं जहाज बांधलं, की एक आकार असा येतोच, जिथे अटलांटिक ओलांडून कोळसा उरतो.

घन आणि वर्गाचं हे नातं गॅलिलिओच्या काळापासून अभ्यासकांना ठाऊक होतं, शाळकरी पोरालाही ते पटवता येतं. शोध त्या नात्याचा नव्हता. लहान जहाजाला जे अशक्य ते मोठ्या जहाजाला सोपं असू शकतं, हे ज्याला दिसलं आणि ज्यानं त्यावर हजारो पौंड लावायला लोकांना तयार केलं, त्याचा तो शोध. मोठे शोध पुष्कळदा असेच असतात. माहिती सर्वांसमोर पडलेली असते, ती कोणत्या कुलपाला लागते हे एखाद्यालाच सुचतं.

गप्पी, नौदलातला निवृत्त अधिकारी ख्रिस्तोफर क्लॅक्स्टन आणि ब्रिस्टलचा जहाजबांधणारा विल्यम पॅटरसन यांनी देशातली बंदरं पालथी घालून चालू आगबोटींची माहिती जमवली. कंपनी उभी राहिली. पॅटरसनच्या गोदीत २३६ फूट लांबीचं ओकच्या लाकडाचं जहाज आकार घेऊ लागलं. एवढं लांब लाकडी जहाज ही धास्तीची गोष्ट होती. मोठी लाट पोटाखाली आली की जहाज मधे उचललं जातं, दोन्ही टोकं खाली झुकतात, सांधे उघडतात आणि लाकूड तुटतं. म्हणून ब्रुनेलनं तळाच्या बरगड्या लांबलचक लोखंडी बोल्टांनी एकमेकींना आवळल्या आणि आतून तिरके आधार दिले. १८३७ च्या जुलैमध्ये जहाज पाण्यात उतरलं. इंजिनं लंडनच्या मॉड्सली, सन्स अँड फील्ड या कारखान्याची. सिलिंडरचा व्यास ७३.५ इंच, म्हणजे आत माणूस ताठ उभा राहील एवढा. दोन्ही बाजूंची चाकं जवळजवळ २९ फूट उंचीची. कोळशाला जागा सुमारे ८०० टनांची.

ब्रिस्टलची तयारी पाहून लंडनची एक कंपनीही शर्यतीत उतरली. तिचं स्वतःचं मोठं जहाज अजून तयार नव्हतं, तेव्हा तिनं आयर्लंड आणि लंडनदरम्यान फेऱ्या मारणारी ‘सिरियस’ ही लहानशी आगबोट भाड्यानं घेतली. ७०३ टनांची, ‘ग्रेट वेस्टर्न’च्या जवळजवळ निम्मी. पहिलं येण्याचा मान मिळवायचा, एवढाच हेतू.

३१ मार्च १८३८. लंडनला इंजिनं बसवून ‘ग्रेट वेस्टर्न’ सकाळी थेम्समधून ब्रिस्टलकडे निघाली. बोटीवर ब्रुनेल होता, क्लॅक्स्टन होता. दोन-अडीच तास झाले असतील नसतील, तोच धुराड्याच्या बुडाशी आग लागली. बॉयलरवर उष्णता राखायला जाड लोकरी नमद्याचं आवरण घातलेलं होतं. ते धुराड्याच्या फार जवळ आलं आणि पेटलं. वरच्या डेकची लाकडं जळू लागली. बॉयलरच्या खोलीत धूर कोंडला. कप्तान जेम्स होस्केननं जहाज वळवून चिखलाच्या उथळ पट्ट्यावर चढवलं.

मुख्य इंजिनिअर जॉर्ज पर्न त्या धुरात सरपटत आत गेला. बॉयलरमधलं पाणी आटलं असतं तर पत्रे तापून फुटले असते. त्यानं चाचपडत पाण्याचे कॉक उघडले. क्लॅक्स्टन खाली उतरून नळीनं पाणी मारत होता. इतक्यात वरून काहीतरी जड त्याच्या अंगावर आदळलं. तो सावरला. पाहतो तर पायाशी साचलेल्या पाण्यात एक माणूस पालथा पडलेला. त्यानं त्याचं तोंड पाण्याबाहेर ओढलं, वरच्यांना हाका मारून दोर मागवला आणि त्या माणसाला वर पाठवलं. तो ब्रुनेल होता. खाली उतरताना शिडीची जळालेली पायरी पायाखाली तुटली आणि तो वीसेक फूट कोसळला. क्लॅक्स्टन मधे आला नसता तर तो वाचता ना. त्याला शिडाच्या कापडावर निजवून होडीनं काठावरच्या कॅन्व्ही बेटावर नेलं. तिथल्या अंथरुणावरूनही त्यानं क्लॅक्स्टनला जहाजाविषयी सूचनांचं पत्र लिहिलं. पहिला प्रवास मात्र त्याला करता आला नाही.

आग विझली. भरतीबरोबर जहाज तरंगलं आणि ब्रिस्टलला पोचलं. बातमी आधीच पोचली होती. जागा राखलेल्यांपैकी पन्नास जणांनी त्या सोडल्या. उरले सात.

आणि ‘सिरियस’? ४ एप्रिलला लेफ्टनंट रिचर्ड रॉबर्ट्सनं ती आयर्लंडमधल्या कॉर्कहून सोडली. तिच्यात ४५० टन कोळसा ठासलेला आणि चाळीसेक उतारू. ‘ग्रेट वेस्टर्न’ ब्रिस्टलहून निघाली ती ८ एप्रिलला सकाळी. चार दिवस मागे. शिवाय कॉर्क न्यूयॉर्कला ब्रिस्टलपेक्षा जवळ.

डेकवर थंडगार वारा आणि पश्चिमेकडच्या लाटा. खाली वेगळंच जग. भट्ट्यांच्या रांगेसमोर आगवाले उघड्या अंगानं उभे. दार उघडायचं, फावड्यानं कोळसा आत पसरायचा, लांब सळईनं निखारे फोडायचे, राख ओढायची, दार लावायचं, पुढच्या भट्टीकडे वळायचं. जहाज हेलकावे खात असताना हे सगळं करायचं. कोळसा भट्टीपर्यंत आणणारी माणसं वेगळी. पहिले काही दिवस त्यांना बरं जातं, कारण कोळसा हाताशी असतो. पण जवळची कोठारं रिकामी होत गेली की लांबच्या कोठारातून, काळोखात, डुलत्या जमिनीवरून तो ओढत आणावा लागतो. प्रवास जितका सरतो तितकी त्यांची वाट वाढते आणि अंगातलं बळ कमी होतं. चाकांचंही असंच काही. निघताना जहाज कोळशानं जड, चाकं खोल बुडलेली; पोचताना हलकं, चाकं पाण्यातून फार वर आलेली. ती नीट चालतात ती मधल्या दिवसांत. वर लाट आडवी आली की एक चाक हवेत गरगरतं आणि दुसरं पाण्यात रुततं. जोडीला शिडं होतीच. वारा मागचा मिळाला की ती उभारायची आणि तेवढा कोळसा वाचवायचा. त्या पिढीतल्या एकाही आगबोटीनं शिडांना सोडचिठ्ठी दिलेली नव्हती.

‘सिरियस’ हळू पण नेटानं चालली होती. तिच्यात एक नवी सोय होती. वाफ समुद्राच्या पाण्यात न मिसळता नळ्यांमधून थंड होई, त्यामुळे बॉयलरला गोडं पाणी परत मिळे आणि मिठाची कटकट नसे. कोळसा मात्र संपत आला. न्यूयॉर्क गाठायला तिनं टेबलं-खुर्च्या, डोलकाठ्या भट्टीत घातल्या अशी कथा पुढे सांगितली जाऊ लागली. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ कादंबरीत फिलिअस फॉग जहाजाचं लाकूड जाळून किनारा गाठतो, ते वाचलेल्यांना ही कथा खरीच वाटते. प्रत्यक्षात तिनं जाळली ती मालातली राळेची पिंपं. २२ एप्रिलला संध्याकाळी ती न्यूयॉर्कच्या तोंडाशी पोचली तेव्हा १५ टन कोळसा शिल्लक होता. अठरा दिवस लागले होते.

दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिलला, किनाऱ्यावर ‘सिरियस’चं कौतुक चाललेलं असतानाच आग्नेयेच्या बाजूला धुराचा दुसरा लोट दिसला. ‘ग्रेट वेस्टर्न’. पंधरा दिवस आणि काही तास. मागाहून निघून तिनं जवळजवळ सगळं अंतर भरून काढलं होतं. शर्यत ‘सिरियस’नं काही तासांनी जिंकली. पण ‘ग्रेट वेस्टर्न’च्या कोठारात अजून सुमारे २०० टन कोळसा होता. लार्डनरच्या हिशेबात जो कोळसा जहाजात मावतच नव्हता, तो मावून, जळून, वर उरला होता. या सगळ्या प्रकरणातला माझ्या लेखी सर्वांत मोठा आकडा हाच.

आणि इथेच तो कॉक. न्यूयॉर्कला पोचल्यावर बॉयलरमधलं पाणी सोडताना जॉर्ज पर्न उकळत्या पाण्यानं भाजला आणि त्यातच गेला. थेम्समध्ये धुरात सरपटत जाऊन ज्यानं बॉयलर वाचवले, पंधरा दिवस ज्यानं ते चालवले, त्याला परतीचा प्रवास मिळाला नाही. ब्रुनेलचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पर्नचंही असायला हवं. कागदावरचं गणित बरोबर असेल, पण ते समुद्रात बरोबर ठरलं ते या माणसामुळे.

‘सिरियस’च्या रॉबर्ट्सचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. तो त्याच कंपनीच्या ‘प्रेसिडेंट’ या मोठ्या आगबोटीचा कप्तान झाला. १८४१ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कहून निघालेली ‘प्रेसिडेंट’ वादळात सापडली आणि सगळ्या माणसांसकट नाहीशी झाली.

‘ग्रेट वेस्टर्न’नं मात्र आठ वर्षांत न्यूयॉर्कच्या ४५ फेऱ्या केल्या. तरीही धंदा तिच्या कंपनीला साधला नाही, आणि याचा दोष मी ब्रुनेलला देतो. टपालाची नियमित सेवा द्यायची तर एकसारखी तीन-चार जहाजं हवीत, म्हणजे एक जात असताना दुसरं येत असतं. हे हॅलिफॅक्सच्या सॅम्युएल क्युनार्डला कळलं. त्यानं सरकारी टपालाचा ठेका मिळवला आणि चार जुळी जहाजं बांधून घेतली. पहिलं ‘ब्रिटानिया’ जुलै १८४० मध्ये लिव्हरपूलहून निघून साडेबारा दिवसांत हॅलिफॅक्सला पोचलं. १,१३५ टनांची ही बोट दिवसाला ३८ टन कोळसा खात होती. ब्रुनेलला मात्र दुसरं ‘ग्रेट वेस्टर्न’ नकोच होतं. त्याला त्याहून मोठं, लोखंडी, मागे फिरणारा पंखा बसवलेलं ‘ग्रेट ब्रिटन’ हवं होतं. तेही त्यानं करून दाखवलं. पण १८४६ मध्ये ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर रुतलं, जवळजवळ वर्षभर अडकलं आणि कंपनी बुडाली.

कोळशाचा पुढचा प्रश्न आपल्या बाजूचा होता. पूर्वेला येणाऱ्या आगबोटींना वाटेत कोळसा हवा, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं जानेवारी १८३९ मध्ये एडन तोफा डागून घेतलं. ‘ह्यू लिंडसे’ जिथे सहा तासांचा कोळसा घेऊन पोचली होती, तेच एडन. ब्रुनेलचा विचार वेगळा होता. वाटेत थांबायचंच कशाला? ऑस्ट्रेलियापर्यंतचा सगळा कोळसा बरोबर घेऊन जाणारं ६९२ फुटी ‘ग्रेट ईस्टर्न’ त्यानं बांधलं. ते पाण्यात उतरलं १८५८ मध्ये. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच जहाजावर असताना ब्रुनेलला पक्षाघाताचा झटका आला आणि दहा दिवसांत, ५३ व्या वर्षी, तो गेला. जहाज ऑस्ट्रेलियाला कधी गेलंच नाही. पण त्या अवाढव्य पोटाचा एक उपयोग निघाला. हजारो मैलांची तार एका वेळी वाहून नेईल असं दुसरं जहाज जगात नव्हतं. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईत आलं आणि त्यानं इथून एडनपर्यंत समुद्रतळाशी तार टाकली. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेनं जोडले गेले.

कोळशाचा प्रश्न शेवटी दुसऱ्या बाजूनं सुटला, जहाज न वाढवता इंजिनाची भूक कमी करून. लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्टनं वाफेचा दाब ६० पौंडांवर नेला आणि तीच वाफ दोनदा वापरली, आधी लहान सिलिंडरमध्ये, मग उरलेल्या दाबानं मोठ्यात. १८६६ मध्ये त्याचं ‘ॲगमेम्नॉन’ लिव्हरपूलहून मॉरिशसपर्यंत ८,५०० मैल कोळशासाठी कुठेही न थांबता गेलं. आकारानं ते ‘ब्रिटानिया’च्या दुप्पट आणि दिवसाला कोळसा फक्त २० टन. तीन वर्षांनी सुएझ कालवा खुला झाला.

पुढे मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींच्या भट्ट्यांसमोर पंजाबी आणि पठाण आगवाले उभे राहिले, डेकवर रत्नागिरीचे आणि गुजरातचे खलाशी, भोजनगृहात गोव्याचे लोक. धोबी तलावाकडच्या गोवेकरांच्या ‘कूड’ नावाच्या वसतिगृहांत दोन सफरींच्या मधे राहणारी माणसं याच बोटींवरची. त्यांच्या हकिकती फारशा लिहिल्या गेल्या नाहीत. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांची जहाजावरची पत्रं, नोंदवह्या किंवा फोटो असतील, त्यांनी ते जपावेत आणि शक्य असेल तर एखाद्या अभ्यासकाला दाखवावेत.

‘ग्रेट वेस्टर्न’ १८५६ मध्ये मोडीत निघाली. ‘ग्रेट ब्रिटन’ मात्र १९७० मध्ये फॉकलंड बेटांवरून ओढत परत आणली गेली आणि ब्रिस्टलमध्ये, ज्या गोदीत बांधली त्याच गोदीत, लोकांना पाहण्यासाठी उभी आहे. आत तिच्या इंजिनाची पूर्ण मापाची फिरती प्रतिकृती आहे. त्या बाजूला जाणं झालं तर अर्धा दिवस राखून ठेवा, आणि आत गेल्यावर आधी बॉयलरच्या जागेत उतरा.